नोगुचीचा कागदी दिवा: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

खोका हातात आला की पहिली शंका वजनाची येते. टेबलावर ठेवायचा चांगला दीड-दोन फुटी दिवा मागवलेला असतो आणि दारात येतो तो पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा, हलका डबा. आमच्याकडे आला तेव्हा सासूबाईंनी तो कानाशी धरून हलवला आणि विचारलं, "रिकामाच पाठवलाय की काय?" आत घडी घातलेला पांढरा कागद, दोन-तीन काळ्या तारा, होल्डर आणि वायर. बस्स. याचं नाव अकारी, आणि तो घडवणारा इसामु नोगुची. विसाव्या शतकाच्या मध्यावरचं फर्निचर आणि दिवे जमवणाऱ्या जगभरच्या लोकांच्या यादीत हे नाव फार वर असतं.

या वाटेला लागलेले बरेचजण आधी नोगुचीच्या टेबलापाशी थांबतात. जाड काचेचा गुळगुळीत त्रिकोणी पाट आणि खाली एकमेकांत अडकलेले लाकडाचे दोन वळणदार पाय, ते टेबल. किंमत कळली की लोक दिव्याकडे वळतात. मीही तसाच आलो, आणि आता वाटतं की आधीच इकडे यायला हवं होतं. पण दिवा कळायला टेबलाची गोष्ट ठाऊक असलेली बरी, कारण दोन्हीकडे मूळ दुखणं एकच आहे: नक्कल.

आधी माणूस

नोगुचीचा जन्म १९०४चा, लॉस एंजेलिसमधला. वडील योने नोगुची जपानी कवी, आई लिओनी गिल्मर अमेरिकन लेखिका. बालपण जपानात गेलं, पुढचं शिक्षण अमेरिकेत झालं. १९२७मध्ये पॅरिसला ब्रांकुझी या शिल्पकाराकडे त्यानं उमेदवारी केली. स्वतःला तो शिल्पकारच म्हणवायचा. टेबल, दिवा, बाग, मुलांची घसरगुंडी, नाटकाचा रंगमंच, सगळं त्याच्या लेखी शिल्पच.

१९३९मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अध्यक्ष काँगर गुडइयर यांच्यासाठी त्यानं शिसवी आणि काचेचं एक टेबल केलं. त्याच सुमारास रॉबसजॉन-गिबिंग्ज नावाच्या एका सजावटकारानं त्याच्याकडून टेबलाचा छोटा नमुना करून घेतला. पुढे युद्ध सुरू झालं. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकन सरकारनं छावण्यांत डांबलं. नोगुची न्यूयॉर्कचा रहिवासी, त्याच्यावर ती सक्ती नव्हती. तरी १९४२च्या मे महिन्यात तो आपण होऊन ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत राहायला गेला. तिथे बागा-मैदानं आखून माणसांना जरा बरं जगता येईल, असा त्याचा बेत. त्यातलं काहीच झालं नाही आणि नोव्हेंबरमध्ये तो बाहेर पडला. पण छावणीत असतानाच एका जाहिरातीत त्याला आपलंच टेबल, थोडे फेरफार केलेलं, गिबिंग्जच्या नावानं दिसलं. जाब विचारला तेव्हा उत्तर मिळालं की तीन पायांचं टेबल काय, कोणीही करेल.

नोगुचीनं चिडून त्याच कल्पनेवर आणखी चांगलं टेबल केलं. हर्मन मिलर कंपनीनं १९४७ला बाजारात आणलेलं ते हेच. १९७३ला ते बंद झालं आणि १९८४ला पुन्हा सुरू झालं. आज जगात सर्वाधिक नकला होणाऱ्या टेबलांत ते आहे, हा काव्यगत न्याय की अन्याय, तुम्हीच ठरवा.

टेबल घेणार असाल तर दोन खुणा सांगून ठेवतो. अस्सल टेबलाचे दोन्ही पाय तंतोतंत सारखे असतात. एक सुलटा, एक उलटा, मधे एका खिळीवर फिरणारे. नकलेत ते वेगवेगळे असतात, किंवा कोन चुकल्यामुळे टेबल अवघडून बसल्यासारखं दिसतं. दुसरी खूण काचेची. सुरुवातीची काच पाऊण इंचाहून जाड, सुमारे २२ मिलिमीटर होती, नंतर १९ची झाली. दहा-बारा मिलिमीटरची काच दिसली की पुढचं बोलणं नको.

दिवा कुठून आला

दिव्यांचा नाद त्याला आधीपासूनच. चाळीसच्या दशकात आत बल्ब लपवलेली, स्वतः उजळणारी शिल्पं त्यानं केली, त्यांना 'लुनार' म्हणायचा. १९४४चा तीन पायांवर उभा असलेला नळकांडी दिवा पुढे नोल कंपनीनं विकला आणि त्याच्याही ढिगानं नकला झाल्या. म्हणजे गडी अकारीपर्यंत पोचला तेव्हा या बाबतीत चांगलाच पोळलेला होता.

१९५१. हिरोशिमाच्या शांतता उद्यानाजवळच्या दोन पुलांचे कठडे करायचं काम त्याच्याकडे होतं. तिकडे जाताना वाटेत तो गिफू गावी थांबला, नागारा नदीवर रात्री पाणकावळ्यांकडून करतात ती मासेमारी बघायला. गिफू हे कागदी कंदिलांचं गाव. पण विजेच्या दिवसांत मेणबत्तीचा कंदील कोण घेतो? कंदील बनवणाऱ्यांवर वाईट दिवस आले होते. महापौरांनी विचारलं, या धंद्यासाठी काही करता येईल का? नोगुची ओझेकी नावाच्या १८९१ सालच्या कारखान्यात गेला, कारागिरांचं काम बघितलं आणि लगेच रेखाटनं सुरू केली. मेणबत्तीऐवजी बल्ब आणला, वरखालच्या लाकडी कड्या काढून तारेचा सांगाडा दिला, आणि आकार असे घेतले की ते कंदील वाटेनात. १९८८मध्ये वारला तोवर त्याचे शंभराहून अधिक प्रकार झाले होते.

अकारी म्हणजे जपानीत उजेड. 'लाइट' या इंग्रजी शब्दात प्रकाश आणि हलकेपणा दोन्ही येतात, तसं दोन्ही त्याला त्या नावात अभिप्रेत होतं. शिक्का आहे सूर्य आणि चंद्रकोरीचा.

पायरी पहिली: जुना की नवा, हा प्रश्न बाजूला ठेवा

नवख्याची इथेच सर्वांत मोठी गफलत होते. बाकी जुन्या फर्निचरमध्ये जुनं तेवढं मोलाचं. अकारीचं तसं नाही. तो आजही त्याच ओझेकी कारखान्यात, नोगुचीच्या मूळ लाकडी साच्यांवर, हातानंच होतो. युरोपात तो विट्रा ही फर्निचर कंपनी विकते, अमेरिकेत न्यूयॉर्कचं नोगुची संग्रहालय. गेल्या महिन्यात बांधलेला दिवा १९६०च्या दिव्याइतकाच अस्सल आहे, आणि त्याचा कागद तर जास्तच चांगल्या स्थितीत असतो. कागद ही टिकायची नव्हे, बदलायची चीज आहे. नुसती छत्रीही, म्हणजे दिव्याचा कागदी भागही, वेगळी मिळते.

मग जुना घ्यायचा कशासाठी? आता न होणारा एखादा आकार हवा असेल, किंवा पाय आणि तळ जुन्या धाटणीचे हवे असतील, तर. 'जुना म्हणून' घेऊ नका. साठ वर्षांचा कागद म्हणजे साठ वर्षांची धूळ, सिगारेटचा धूर आणि बल्बचा ताप.

पायरी दुसरी: कोणता आकार

नमुन्यांना क्रमांक आणि अक्षरं आहेत. ५५डी म्हणजे साधारण ५५ सेंटिमीटर व्यासाचा, छताला टांगायचा गोल. ७५डी त्याच्याहून मोठा. १ए, १एन ही टेबलावरची छोटी मंडळी. १०ए जमिनीवर उभा राहणारा, चार फूट उंच. यूएफ मालिकेतले दिवे वाकडेतिकडे, काही रंगीतही. पीएलमधले चुण्या घातलेले.

पहिला दिवा टेबलावरचाच घ्या. याला कारण आपली घरं. टांगता गोल कितीही मोहात पाडो, आपल्या दिवाणखान्यात मधोमध पंखा असतो. पंखा चारवर फिरायला लागला की कागदाचा गोल हेलकावे खातो, तारेचा आकडा निसटतो आणि महिन्याभरात वरची कड फाटते. पंखा नसलेल्या कोपऱ्यात, जिन्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हुक असेल तर जरूर घ्या. छताची उंची साडेनऊ फुटांपेक्षा कमी असेल तर ७५डीचा विचारही नको, खोली भरून जाते.

पायरी तिसरी: पारख

आधी शिक्का शोधा. कागदावर, बहुधा खालच्या किंवा वरच्या तोंडाजवळ, सूर्य-चंद्राची खूण असते, पुष्कळदा शेजारी नोगुचीचं नाव. पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. शिक्का काय, तोही मारता येतो.

मग दिवा लावा आणि कागदाजवळ डोळा न्या. चांगला वाशी, म्हणजे जपानी हातकागद, कोझोपासून, म्हणजे एका जातीच्या तुतीच्या सालीपासून होतो. गिफूजवळचा मिनो परिसर त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या होन-मिनो कागदाची कला २०१४मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. या कागदात लांब, रेशमासारखे तंतू कसेही पसरलेले दिसतात आणि उजेड सगळीकडे सारखा नसतो, कुठे दाट, कुठे विरळ ढगासारखा. यंत्राच्या कागदातून येणारा उजेड ट्यूबलाइटसारखा सपाट. दुकानदार याला 'राइस पेपर' म्हणतो. तांदळाचा यात काही संबंध नाही. जो असं म्हणतो त्याला मालाची माहिती नाही, एवढं मात्र कळतं.

नंतर काड्या. अस्सल अकारीत बांबूच्या चिरलेल्या बारीक काड्या असतात, त्यांची जाडी जागोजागी किंचित बदलते. काही नमुन्यांत त्यांच्यातलं अंतरही मुद्दाम विषम ठेवलेलं आहे. स्वस्त गोलांत पोलादी तार असते, सगळीकडे एकसारखी. आता माझी युक्ती. खिशात फ्रिजवर लावायचं छोटं चुंबक ठेवा आणि कडेपासून दूर, मधल्या काडीला बाहेरून अलगद टेकवा. चिकटलं तर तार. (वरची-खालची कडी आणि आतला सांगाडा तारेचाच असतो, तिथे टेकवून घाबरू नका.)

ही युक्ती मला फुकट मिळालेली नाही. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मी 'साठ सालचा, जपानहून आलेला' दिवा बऱ्याच पैशांना घेतला. घरी आणून टेबलावर ठेवला तर मुलीनं फ्रिजवरचं आंब्याचं चुंबक खेळता खेळता त्याला लावलं. आंबा जो चिकटला तो पडेचना. दिवा अजून आहे, गॅलरीत.

चुण्यांच्या नमुन्यांना काड्याच नसतात, तिथे ही परीक्षा लागू नाही.

जुना घेत असाल तर डाग नीट वाचा. सगळीकडे सारखा सायीचा रंग आलेला असेल तर ते वय, त्याला माझी हरकत नाही. एकाच जागी तपकिरी वर्तुळ असेल तर तिथे पूर्वी जास्त वॅटचा गरम बल्ब होता आणि तो कागद बोट लावताच तुटेल. काळपट ठिपके म्हणजे बुरशी. कागदाच्या कडेला नागमोडी कुरतडलेलं असेल तर कसर लागलेली आहे. तो दिवा तुमच्या पुस्तकांच्या खोलीत तर मुळीच आणू नका.

पायरी चौथी: वीज

जपानात घरगुती वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. दिव्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसता होल्डर, वायर आणि बटण. त्यामुळे कित्येकजण प्लगला ॲडॅप्टर लावतात, आपला बल्ब बसवतात, आणि दिवा लागतोही. तरी तसं करू नका. ती वायर आणि ते बटण कमी व्होल्टसाठी केलेलं आहे, आणि भोवती आहे कागद. इलेक्ट्रिशियनकडून वायर, बटण, होल्डर तिन्ही बदलून घ्या. तासाभराचं काम आहे.

होल्डर आट्यांचा घ्या, २७ मिलिमीटरचा. आपल्याकडे घरोघरी असतो तो पिनेचा होल्डर या सांगाड्यात नीट बसत नाही आणि बल्ब तिरका राहतो. तिरका बल्ब म्हणजे कागदाच्या जवळ गेलेला बल्ब. जुनं सामान काढून टाकू नका, पिशवीत घालून दिव्याच्या खोक्यातच ठेवा. उद्या विकायचा झाला तर घेणारा ते मागतो.

बल्ब दुधी एलईडी, पिवळसर, खोक्यावर २७०० के लिहिलेला. टेबलावरच्या दिव्याला पाच-सहा वॅट भरपूर. पांढऱ्या उजेडाचा बल्ब लावून बघा एकदा, म्हणजे पुन्हा लावावासा वाटणार नाही. दिवाणखान्यात दवाखाना दिसायला लागतो.

पायरी पाचवी: उघडणं

दिवे इथेच सर्वांत जास्त फाटतात, आणि तेही पहिल्याच दिवशी.

हात धुऊन पुसून घ्या. तेलकट बोटाचा ठसा वाशीवर कायमचा राहतो. जेवणाचं टेबल मोकळं करा, पंखा बंद करा. घडी घातलेली छत्री समोर ठेवा आणि दोन्ही हातांनी वरची कडी धरून हळूहळू वर उचला. खालचा भाग आपल्याच वजनानं उलगडतो. एका बाजूनं ओढू नका. दिवाळीचा आकाशकंदील उघडायची सवय असलेल्याला हे लगेच जमेल. फरक एवढाच की कंदील आपण झटका देऊन उघडतो, इथे झटका नको. कागद कडकड वाजला की थांबा, जिथे अडलंय तिथे बोटानं घडी सोडवा, मग पुढे.

आता आतली तार. ती छत्रीच्या आत उभी घालून तिचं एक टोक खालच्या कडीत अडकवायचं, मग तार किंचित दाबून दुसरं टोक वरच्या कडीत. तारेवरचा दाब सोडला की छत्री ताणली जाते आणि सगळ्या चुण्या एकदम निघतात. हे फार सुखाचं दृश्य असतं. त्या क्षणी दुसरा हात बाहेरून कागदाला टेकवून ठेवा, कारण निसटलेली तार आतून थेट आरपार येते. मग तळाचे पाय, मग होल्डर, मग बल्ब, आणि छत्री सगळ्यात शेवटी त्यावर.

दिवा सरळ दिसत नाही म्हणून बेचैन होऊ नका. थोडा कलतो. चार दिवसांत बसतो.

पायरी सहावी: पावसाळा, धूळ आणि ठिगळ

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर कागद ओलावा ओढून सैल पडतो. खिडकीपासून चार फूट तरी लांब ठेवा आणि रोज संध्याकाळी लावा. एलईडीची ऊब फारशी नसते, पण लावलेला दिवा रोज नजरेखालून जातो आणि बुरशीचा पहिला ठिपका लगेच दिसतो. घडी घालून माळ्यावर टाकलेला दिवा गणपतीत काढायला गेलात तर कसरीचं जेवण झालेलं असतं. ठेवायचाच असेल तर पूर्ण कोरड्या दिवसांत, खोक्यात, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून.

धुळीसाठी रंगकामाचा मऊ रुंद ब्रश, वरून खाली. ओलं फडकं कधीच नाही. कडक ऊनही नको.

फाटलाच तर घाबरू नका, वाशी सुरेख सांधला जातो. सेलोटेप मात्र लावू नका. वर्षभरात तो पिवळा पडतो, कडांनी सुटतो आणि निघताना कागदाचा थर घेऊन जातो. मैद्याची पातळ खळ करा, मोरचूद न घालता, आणि गाळून थंड होऊ द्या. ठिगळाला पातळ कोझो कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर नेपाळी लोकता कागदातला सर्वांत विरळ चालतो. पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळणारा कागद सुंदर, पण तो सुती चिंध्यांचा आणि जाड. ठिगळ म्हणून उजेडात तो काळा दिसतो.

ठिगळ कात्रीनं कापू नका. पाण्यानं रेघ ओढून हातानं फाडा, म्हणजे कडेला तंतूंची झालर राहते आणि जोड विरघळतो. खळ ठिगळाला लावायची, दिव्याला नाही, आणि तीही बोटाच्या टोकावर राहील एवढीच. आतून एक बोट टेकवून बाहेरून ठिगळ ठेवायचं, कोरड्या सुती कापडानं टिपायचं, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी तिथला कागद वाळून ताणलेला असतो.

दिवा लावला की ठिगळ दिसतंच, एखाद्या पानाच्या सावलीसारखं. माझ्या टेबलावरच्या दिव्याला दोन आहेत. एक मांजराचं, एक माझं.